गावात बिबट्या फिरतोय: कोकणातल्या घरी, वाटेवर आणि समोरासमोर काय करायचं, कोणत्या क्रमाने

वाडीत बिबट्या दिसला की तीन गोष्टी लगेच होतात. ग्रुपवर व्हिडिओ येतो, पोरं काठ्या घेऊन निघतात आणि वनखात्याकडे पिंजरा मागितला जातो. गोठ्याची मोडकी कडी, संडासाच्या वाटेवरचा अंधार आणि चिकनच्या दुकानामागचा घाणीचा ढीग यांच्याकडे लक्ष जातं ते महिनाभराने, तेही गेलं तर. हा क्रम उलटा आहे. बिबट्या समोर आल्यावर काय करायचं हे पाचव्या टप्प्यात सांगितलं आहे. पहिले चार नीट केलेत तर त्याची वेळ बहुधा येणार नाही.

टप्पा १: आलंय ते कोण, याची खात्री

"वाघ दिसला" म्हणून आलेली बातमी पुष्कळदा वाघाटीची निघते. वाघाटी ही रानमांजराची जात, असते घरच्या मांजराएवढी, पण अंगावर ठिपके असल्यामुळे काजूच्या बागेत तिचं पिल्लू सापडलं की "बिबट्याचं पिल्लू" म्हणून फोटो फिरतो आणि पूर्ण गाव रात्रभर जागतं.

दिसलेलं जनावर अर्धवट आठवतं, ठसा मात्र जागेवर राहतो. वहाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) चिखलात किंवा लाल मातीच्या रस्त्यावर पाहा. बिबट्याचा ठसा गोलसर, चार बोटांचा आणि साधारण तीन ते साडेतीन इंच रुंद असतो. त्यात नखं उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशांत बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात. ठसा पाच इंचांच्या आसपास भरला तर तो पट्टेरी वाघाचा असू शकतो. तिलारी खोऱ्यात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात पट्टेरी वाघाचा वावर आहे, त्यामुळे तिकडच्यांनी ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये. काळा बिबट्या मात्र वेगळा प्राणी नाही. तो बिबट्याच आहे आणि त्याच्यासाठी वेगळे नियम नाहीत.

ठशाशेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा. मग त्यावर घमेलं पालथं घाला, म्हणजे वनरक्षक येईपर्यंत गुरांच्या पायाखाली तो पुसला जाणार नाही.

आता फोन. महाराष्ट्र वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तो, आपल्या बीटच्या (हद्दीच्या) वनरक्षकाचा, पोलीस पाटलांचा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे चारही क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आजच साठवा. फोनवर पट्टे होते की ठिपके, किती वाजता, कुठून कुठे गेला आणि सोबत पिल्लं होती का, एवढंच सांगा.

*तपासा:* रात्री दोन वाजता सीसीटीव्हीत बिबट्या खळ्यावरून जाताना दिसला, एवढ्यावरून तो धोकादायक ठरत नाही. कोकणात तो गावांच्या कडेने पूर्वापार वावरतो. काळजीची लक्षणं वेगळी आहेत. दिवसाउजेडी घरांजवळ वारंवार दिसणं, माणूस पाहूनही न हलणं, लंगडणं, किंवा गळ्यात-कमरेत तारेचा फास अडकलेला असणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता कळवा.

*सावध:* पिल्लं सापडली तर हात लावू नका, उचलून घरी आणू नका, दूध पाजू नका. आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडला की परतते. माणसं लांब नेऊन उभी करा आणि वनखात्याला कळवा. पुढचं काम त्यांचं.

टप्पा २: परस आणि खळं

बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी. मग कोंबड्या, शेळ्या, वासरं. म्हणून पहिला प्रश्न "माझ्या घराभोवती कुत्री का जमतात?" हा. उत्तर बहुतेक वेळा नाकाला कळतं. मासळीची डोकी आणि काटे, कोंबडीची आतडी, लग्नाच्या जेवणाचं खरकटं.

मासळीची घाण माडाच्या आळ्यात टाकायची तर दीड-दोन फूट खड्डा करून पुरा, वर माती घट्ट दाबा. उघडी टाकली तर तासाभरात कुत्री हजर होतात. चिकनच्या दुकानांचा कचरा एकट्या घराने सुटणारा नाही. तो विषय ग्रामसभेत लेखी द्या. पिंजऱ्याच्या अर्जापेक्षा या अर्जाचा उपयोग जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःचा कुत्रा रात्री पायरीवर साखळीने बांधू नका. तो राखण करत नाही, बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट होतो. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. त्याला आत घ्या, निदान बंद पडवीत.

नंतर झाडी. घरापासून संडास, न्हाणी, विहीर आणि गोठा या चार ठिकाणी जाणाऱ्या वाटांच्या दोन्ही बाजूंचं रान दहा-पंधरा पावलांपर्यंत साफ ठेवा. पावसाळ्यात ते दर पंधरवड्याला वाढतं. अख्खी वाडी उजाड करायची गरज नाही. वाटेवर चालताना पुढे काय बसलंय ते दिसलं पाहिजे, एवढंच. पडका मांगर (शेतातली खोप), रचलेली लाकडं आणि गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून वाढलेली घाणेरीची जाळी या लपायच्या जागा आधी मोकळ्या करा.

बाहेरचा दिवा उपयोगी आहे, कारण त्यात तुम्हाला दिसतं. बिबट्या त्याला घाबरेल या भरवशावर राहू नका. काही रात्रींत त्याला दिव्याची सवय होते.

*तपासा:* अंधार पडल्यावर मागीलदारी उभं राहून बॅटरी फिरवा. जिथे उजेड पोचत नाही आणि घरातलं माणूस रोज जातं, ती जागा उद्याच्या कामात धरा.

टप्पा ३: गोठा आणि खुराडं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपला नेहमीचा गोठा म्हणजे चिऱ्याच्या अर्ध्या भिंती, वर कुड किंवा झावळ्यांची चुडतं, आणि भिंत व कौलं यांच्यामध्ये हवेसाठी ठेवलेली मोकळी जागा. माणसाला हे बंदिस्त वाटतं. बिबट्या चार-पाच फुटांची भिंत सहज चढतो आणि डोकं आत गेलं की अंगही आत घेतो. वीतभर रुंदीची फट त्याला पुरते.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. आधी वरची फट. भिंतीच्या माथ्यापासून वाशापर्यंत वेल्डमेश (जाड तारांची, जोडकाम केलेली) जाळी लावा. हाताने दाबून वाकत नाही इतकी जाड आणि दोन इंचांपेक्षा मोठी भोकं नसलेली घ्या. कोंबड्यांची पातळ षट्कोनी जाळी चालत नाही, ती पंजाने फाटते. हवा खेळती राहायला हवी, म्हणून पत्र्याने सगळं बंद करू नका, नाहीतर गुरं उकाड्याने आजारी पडतील.

२. मग दार. बेडं किंवा फळ्यांची कवाडी रात्रीसाठी पुरेशी नाही. पूर्ण उंचीचं दार हवं, बाहेरून कडी आणि शिवाय आडवा आडणा हवा. नुसती कडी धक्क्याने निसटते.

३. मग खालची बाजू. दाराखाली फट असेल तर उंबऱ्याला चिरा बसवा. मातीची जमीन असेल तर जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत पुरा.

४. शेवटी छप्पर. सैल कौलं आणि गोठ्यावर झुकलेली फणसाची किंवा आंब्याची फांदी पाहा. फांदीवरून कौलांवर उतरणं बिबट्याला अवघड नाही.

शेळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्या. बंद जागेत बिबट्या शिरला की शेळ्या सैरावैरा धावतात, आणि ती धावपळ सुरू असेपर्यंत तो एकामागून एक मारत जातो. खायचं त्याला एकच असतं. म्हणून "एखादी गेली तर गेली" हा हिशेब चुकतो. अर्धवट बंद गोठा उघड्या गोठ्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

कोंबड्या डालग्याखाली झाकून वर दगड ठेवणं हे मुंगसासाठी ठीक, बिबट्यासाठी नाही. खुराडं घराच्या भिंतीला लागून, सिमेंटच्या जोत्यावर आणि जाळीच्या दाराचं करा.

*सावध:* रानडुकरांसाठी कुंपणाला तारेची फासकी लावू नका. ती बेकायदा आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे, त्यामुळे फासकीत तो अडकला तर प्रकरण गंभीर होतं. शिवाय फास तोडून गेलेला जखमी बिबट्या पुढे शिकार धडपणे करू शकत नाही आणि तुमच्याच गोठ्याकडे वळतो. कुंपणात वीज सोडण्याबद्दलही हेच. त्यात माणसं मरतात.

*तपासा:* गोठ्यात आत जाऊन दार लावून घ्या आणि भर दुपारी वर पाहा. जिथून उजेडाचा वीतभर पट्टा आत येतो, तिथून बिबट्याही येतो.

टप्पा ४: वाटेवरच्या आणि कामाच्या सवयी

सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंतचा काळ त्याचा. या वेळात जपायचं ते मुलांना आणि वाकलेल्या माणसाला. उभा माणूस बिबट्याच्या शिकारीच्या मापात बसत नाही. बसलेला, वाकलेला किंवा तीन फूट उंचीचा माणूस मागून पाहिला तर बसतो.

आता आपली कामं आठवा. शेणी लावणं, पातेरा (वाळलेला पाला) गोळा करणं, गवत कापणं, भल्या पहाटे झाडाखाली बसून काजूच्या बिया वेचणं ही सगळी वाकून करायची कामं आहेत. त्यातही पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन वहाळात चढणीचे मासे आणि कुर्ल्या धरायला जाणं. माणूस वाकलेला, नजर पाण्यात, पाण्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. हौस सोडा असं म्हणत नाही, पण एकट्याने जाऊ नका. तिघे गेलात तर दोघांनी धरावं आणि तिसऱ्याने उभं राहून बॅटरी काठावर फिरवत राहावी. पातेरा आणि काजू ऊन चढल्यावर करा, दोघी-तिघींनी मिळून, एकमेकींकडे पाठ न करता.

पायवाटेसाठी:

- हातात बॅटरी हवी. मोबाइलचा उजेड चार पावलांपुरता असतो. बॅटरी फक्त पायांकडे न धरता मधूनमधून पुढे आणि दोन्ही कडांना फिरवा.
- आवाज करत चाला. बोला, काठी चिऱ्यावर आपटा, गाणी लावा. कानात इअरफोन घालून चालणं म्हणजे नेमकं उलटं. त्याला तुमचा आवाज येत नाही आणि तुम्हाला त्याचा.
- मुलं मध्ये किंवा मोठ्या माणसाच्या पुढे. सगळ्यात मागे मोठं माणूस. "पुढे पळ, मी येतोच" हे अंधारात कधीही नाही.
- वानरांचा खकाऱ्यासारखा ओरडा, भेकराचं भुंकणं, किंवा सगळी कुत्री एकदम भुंकून एकदम गप्प होणं ऐकलं तर पाखाडी (दगडी पायवाट) सोडून मोठ्या रस्त्याने जा. पाच मिनिटं जास्त लागतील.

गणपतीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांना हे आधी सांगा. आरत्या-भजनं आटोपून रात्री बाराला पोरंटोरं एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातात, आणि मुंबईची मुलं अंधारात लघवीला थेट गडग्यापलीकडे जातात. शिमग्यात पालखीबरोबर ढोल आणि गर्दी असते, तिथे भीती नाही. भीती आहे ती परतीला एकट्याने घेतलेल्या आडवाटेची.

दुचाकीवर असाल आणि पुढे रस्त्यावर बिबट्या दिसला तर लांबच थांबा. दिवा आणि इंजिन चालू ठेवा. त्याला जाऊ द्या. तो गेला म्हणून लगेच गाडी दामटू नका, कारण मागून पिल्लं येत असू शकतात. मिनिटभर थांबून हॉर्न देत पुढे जा. चारचाकीत असाल तर काच वर आणि दार बंद, फोटोसाठीसुद्धा उतरायचं नाही.

टप्पा ५: समोर आला तर

अंतरावरून ठरतं काय करायचं ते.

लांब आहे आणि त्याने तुम्हाला पाहिलं नाही: जागेवर थांबा, आल्या वाटेने शांतपणे मागे फिरा. व्हिडिओसाठी पुढे जायचं नाही.

जवळ आहे आणि तुमच्याकडे पाहतोय: इथला क्रम तोंडपाठ हवा.

१. थांबा. पळू नका. पळणाऱ्यामागे धावणं ही त्याची उपजत प्रतिक्रिया आहे आणि त्या शर्यतीत तुम्ही हरणार.

२. मूल सोबत असेल तर नजर बिबट्यावर ठेवून, कंबरेत न वाकता त्याला दंडाला धरून वर ओढा आणि कडेवर घ्या. शक्य नसेल तर आपल्या पाठीशी घट्ट धरा.

३. मोठे दिसा. हात वर, टॉवेल किंवा घोंगडी पसरून. पावसाळ्यात छत्री हातात असतेच, ती त्याच्या दिशेने खटकन उघडा.

४. मोठ्या, ठाम आवाजात बोला. काय बोलता याला महत्त्व नाही.

५. तोंड त्याच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे. त्याची निघायची वाट अडवू नका. एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही, अशा कोंडीत सापडलेला बिबट्या तुमच्या अंगावरूनच वाट काढेल.

कान मागे पाडलेले, अंग जमिनीला चिकटवलेलं, शेपटीचे फटके, गुरगुर ही "अजून मागे हो" ची खूण. पिल्लांची आई खोटी धाव घेऊन थांबते. तेव्हा पाठ फिरवली की खोटी धाव खरी होऊ शकते. जागेवर उभे राहा, ओरडा, मग मागे सरका.

*सावध:* झाडावर चढू नका, तो तुमच्यापेक्षा चांगला चढतो. खाली बसून लपू नका. मेल्याचं सोंग घेऊ नका. दगड मारून त्याला "हुसकावायचा" प्रयत्न तो अंगावर येत नसताना करू नका.

अंगावर आलाच तर मान आणि गळा हाताने, पिशवीने, जे असेल त्याने झाका आणि पूर्ण ताकदीने प्रतिकार करा. कोयती, काठी, बॅटरी, दगड, काहीही त्याच्या नाकावर आणि डोळ्यांवर हाणा. बाजूच्यांनी एकेकट्याने न धावता एकत्र, काठ्या घेऊन, आरडाओरडा करत पुढे यावं.

टप्पा ६: विहिरीत, घरात, फासकीत अडकला तर

आपल्या बऱ्याच विहिरी जमिनीसपाट आणि बिनकठड्याच्या असतात. पाठलागात बिबट्या त्यात पडतो आणि सकाळी सात वाजता अर्धा गाव काठावर उभा. धोका आता सुरू होतो. बिबट्या बाहेर आला की त्याला पळायला वाट हवी, आणि तिथे चारी बाजूंनी माणसं असतात.

आधी १९२६ ला फोन. मग पोलीस पाटलांना सांगून माणसं शंभर पावलं मागे. रानाकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा. तो पोहून दमला असेल तर फळी किंवा ओंडका सोडायचा का, हे वनकर्मचाऱ्यांना फोनवर विचारा आणि ते सांगतील तसंच करा. शिडी स्वतःच्या मनाने लावू नका. नंतर, त्याच आठवड्यात, विहिरीला तीन-चार फूट कठडा बांधून वर जाळी टाका. त्यात वासरू आणि पोरही पडत नाही.

घरात शिरला तर सगळे बाहेर, दार बाहेरून बंद, आणि खिडकीशी कोणी नाही. अंधार आणि शांतता मिळाली की तो कोपऱ्यात बसून राहतो. फासकीत असेल तर जवळ अजिबात जाऊ नका, तार कोणत्याही क्षणी तुटते.

पिंजऱ्याबद्दल दोन वाक्यं. बिबट्या पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, वनरक्षकाशी भांडून पिंजरा मिळत नाही. आणि एक उचलून नेला की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो, कुत्री आणि घाण तशीच असेल तर लवकरच.

टप्पा ७: जखम

रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. ओरखडा किंवा लहान जखम असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तंबाखू, तिखट काही भरू नका.

मग दवाखाना, त्याच दिवशी. बिबट्याच्या चाव्यालाही रेबीजची लस लागते, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं, आणि रक्त आलेल्या जखमेत रेबीजचं प्रतिद्रव्य (इम्युनोग्लोब्युलिन) भरावं लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून निघतानाच फोन करून विचारा आणि नसेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. मानेवरचं लहानसं भोकही आत खोल असतं. रक्त थांबलं म्हणून घरी थांबू नका. लसीचे पुढचे डोस चुकवू नका, बरं वाटलं तरी.

टप्पा ८: जनावर मारलं तर

भरपाईचे अर्ज अडकतात ते इथल्या घाईमुळे. मेलेली शेळी हलवू नका, पुरू नका. जागेवर, खुणांसकट फोटो काढा आणि वनखात्याला लगेच, ४८ तासांच्या आत कळवा. वनकर्मचारी पंचनामा करतील आणि पशुवैद्यकीय अधिकारी तपासणी. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आधार, बँक पासबुक आणि सातबारा किंवा घरपट्टी तयार ठेवा. माणसाच्या मृत्यूत २०२३ च्या शासन निर्णयानुसार वारसांना २५ लाख रुपये मिळतात आणि गंभीर जखमेसाठी वेगळी रक्कम आहे, म्हणून उपचाराची सगळी बिलं जपा.

मेलेल्या जनावरात विष घालून ठेवणं हा गुन्हा आहे. त्यात कुत्री, गिधाडं आणि शेजाऱ्याची गुरंही मरतात.

अर्धवट खाल्लेल्या शिकारीकडे बिबट्या बहुधा त्याच किंवा दुसऱ्या रात्री परततो. पंचनामा झाल्यावर अवशेष कुठे आणि केव्हा हलवायचे हे वनरक्षकाला विचारून घ्या, आणि तोवर संध्याकाळनंतर त्या बाजूला कोणी फिरकू नये. उरलेल्या शेळ्या त्या रात्री घराच्या पडवीत घ्या, दार लावून. गोठ्याच्या ज्या फटीतून तो आला ती फट दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत बुजवा. जाळी मिळेपर्यंत जाड फळ्या ठोका. सुतार रविवारी येतो म्हणाला, तर रविवारपर्यंत शेळ्या पडवीतच.